कयाधूकाठचे मिग

सासुरवाडीच्या दिवाळीवर मराठीत इतके लिहून झाले आहे की, त्यात आणखी एका लेखाची भर घालणे म्हणजे भरल्या पोटी पाचवा लाडू खाणे होय. त्यातून मी पडलो मराठीचा प्राध्यापक. वर्षभर दुसऱ्यांच्या लेखांतले दोष पोरांना दाखवणाऱ्याने स्वतः लेखणी उचलू नये, एवढे शहाणपण मला आहे. पण गेल्या वर्षी, 2025 च्या दिवाळीत, नरसीच्या आमच्या सासुरवाडीला ओसरीवर जे चार दिवस गेले, ते काही केल्या मनातून जात नाहीत. म्हणून हा खटाटोप.

नरसी म्हणजे नरसी नामदेव. पुण्याहून रात्रभर प्रवास करून हिंगोलीला उतरायचे, स्टँडवर एक कडक चहा घ्यायचा नि एस. टी. पकडायची. 1999 साली परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. तोवर पुण्यातल्या माणसाला नरसी कुठे हे सांगताना अर्धा भूगोल सांगावा लागे. आताही लागतोच. त्या सप्टेंबरात मराठवाड्यावर पाऊस असा काही कोसळला होता की, रस्त्याच्या कडेला काळ्या पडलेल्या सोयाबीनच्या गंजी दिसत होत्या. हळद तेवढी हिरवी उभी होती. एस. टी. तली माणसे दिवाळीचे बोलत नव्हती, पंचनाम्याचे बोलत होती.

गाव कयाधू नदीच्या काठी. कयाधू हे प्रल्हादाच्या आईचे नाव, नि गाव नरसी! ही जोडी मला पहिल्यापासून गमतीची वाटत आली आहे. नामदेव महाराजांचा जन्म इथला की पंढरपूरचा, यावर आमच्या विद्वानांनी पुष्कळ शाई खर्ची घातली आहे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी त्या वादाचा नुसता उल्लेख केला, तेव्हा माईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, माझ्या ताटातली करंजी उचलून परत डब्यात ठेवली होती. तेव्हापासून नामदेव नरसीचे! 1270 साली दामाशेटी आणि गोणाई यांच्या पोटी, शिंप्याच्या घरी जन्मले; आणि पुढे पंजाबात इतके रुजले की त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात आहेत. 2015 साली अखिल भारतीय साहित्य संमेलन पंजाबातल्या घुमानला भरले, ते याच नात्याने. नांदेडला येणारे सरदारजी वाट वाकडी करून नरसीलाही येतात. नदीकाठच्या मंदिराच्या वाटेवर फेटे आणि पगड्या शेजारी शेजारी दिसतात, याचे गावात कुणाला नवल नाही.

आमचे सासरेही शिंप्याच्या घरचे. वडिलांचे कपडे शिवण्याचे मशीन अजून माजघरात आहे. पण अण्णा स्वतः कपडे शिवायला बसले नाहीत. आय. टी. आय. करून 1971 साली ते नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात लागले, रंगखात्यात. हा कारखाना मिग-21 साठीच 1964 साली उभा राहिला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. गावाला त्या विमानाचे नाव असे चिकटले की लोक अजून ‘ओझर मिग’ म्हणतात. आमच्या सौभाग्यवतीचा जन्म त्या कॉलनीतला. अण्णा निवृत्त झाले आणि नाशिकला फ्लॅट घेण्याऐवजी नरसीला परत आले. का, ते त्यांनी कुणाला सांगितले नाही. एकूणच ते कमी बोलत. आणि सप्टेंबर संपताना तेही बंद झाले.

26 सप्टेंबरला चंदीगडच्या तळावर मिग-21 ला हवाई दलाने निरोप दिला. 1963 साली पहिली तुकडी उभी राहिली तीही चंदीगडलाच. बासष्ट वर्षांची नोकरी! माईंनी फोनवर सांगितले, “टीव्हीवर सगळं पाहिलं, टीव्ही बंद केला, आणि तेव्हापासून गप्प आहेत. जेवतात, झोपतात, नदीवर जाऊन येतात.”

आता आमच्या चिरंजीवांकडे वळू. वय वर्षे चौदा. आमच्या लहानपणी दिवाळीत किल्ला करत; मातीत हात घालायचा, अळीव पेरायचे आणि महाराजांना सगळ्यात वर बसवायचे. चिरंजीवांचे हात मातीत जात नाहीत. ते विमाने करतात. प्लॅस्टिकच्या चौकटीत शंभर तुकडे डहाळीला लागलेल्या कैऱ्यांसारखे लटकलेले असतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. हा छंद इंग्रजांनी घरोघर पोचवला. अठ्ठेचाळीसपट लहान, बहात्तरपट लहान अशी त्यांची मापे ठरलेली असतात. बहात्तराचे गणित सोपे आहे : सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंच उंच. चिरंजीवांनी वर्षभराचे खाऊचे पैसे साठवून अठ्ठेचाळिसाच्या मापातले मिग-21 आणले होते, ‘बिस’ नावाचा शेवटचा प्रकार. लांबी जेमतेम फूटभर, पंख टोकापासून टोकापर्यंत पंधरा सेंटीमीटर. आजोबांना खूष करायचे, हा बेत हिचा. मी फक्त खोके सांभाळून आणले.

बेत पहिल्याच संध्याकाळी फसला. पंगत बसली होती. चिरंजीव उत्साहात होते. विमानाविषयी जे जे वाचले होते ते सांगता सांगता त्यांनी म्हटले, “आणि याला उडती शवपेटी म्हणतात, माहीत आहे का आजोबा?”

अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला, चूळ भरली आणि ते ओसरीवर जाऊन बसले.

हिने मुलाकडे पाहिले, मुलाने माझ्याकडे. खरे सांगायचे तर तो खोटे बोलला नव्हता. 2012 साली संरक्षणमंत्र्यांनी संसदेतच सांगितले होते की, चाळीस वर्षांत 482 मिग विमाने अपघातात गेली आणि 171 वैमानिक दगावले. हा आकडा सगळ्या मिगांचा, नुसत्या एकवीसचा नव्हे, हे मी त्याला दबल्या आवाजात समजावू लागलो. प्राध्यापकाची सवय! “आकडे राहू द्या हो,” माई म्हणाल्या, “भात निवतोय.”

दुसऱ्या दिवशी अभ्यंगस्नान झाले, फराळ झाला, आणि चिरंजीव ओसरीच्या एका कोपऱ्यात वर्तमानपत्र पसरून कामाला लागले. दुसऱ्या कोपऱ्यात अण्णा, झोपाळ्यावर. मधे मी, कुणाच्याच उपयोगाचा नसलेला.

विमानात आधी वैमानिकाची बैठक तयार करायची असते, हे मला तेव्हा कळले. मी समजत होतो की बाहेरून विमान उभे करायचे आणि मग आत रंग द्यायचा. तसे नाही. आधी बैठकीचे लहानसे टोपले, त्यात आसन, दांडा, समोर तबकड्यांची पाटी; हे सगळे रंगून पुरे झाले की मग विमानाच्या पोटाचे दोन अर्धे त्याच्यावर मिटायचे. एकदा मिटले की पुन्हा हात घालता येत नाही. आणि मिटल्यावर आतले बहुतेक दिसतही नाही! खऱ्या विमानात आठ सेंटीमीटरची तबकडी इथे दीड-पावणेदोन मिलिमीटरची होते, म्हणजे मोहरीएवढी. त्या मोहरीत काळा रंग, काळ्यात पांढरा काटा, वर काच दिसावी म्हणून वॉर्निशचा एक थेंब, तोही दात कोरायच्या काडीच्या टोकाने. मी विचारले, “दिसणारच नाही तर कशाला?” चिरंजीव म्हणाले, “मला माहीत असेल ना.” यावर काय बोलणार? शिंप्याच्या वंशातला मुलगा तो. अस्तर कुणाला दिसते?

पहिले विघ्न रंगाचे. या बैठकीचा आतला रंग हिरवा नाही आणि निळाही नाही. वैमानिकाच्या डोळ्यांना शीण होऊ नये म्हणून रशियनांनी तो निवडला, असे सांगतात. चिरंजीवांनी फोनवर दहा फोटो काढले, दहांत दहा रंग. एकात आकाशी, एकात पोपटाकडे झुकलेला, एकात नुसता फिका राखाडी. बशीत मिश्रण करून करून त्यांनी अर्धी सकाळ घालवली. माई चिवडा घेऊन आल्या, बशीत डोकावल्या आणि म्हणाल्या, “अरे, रामा रंग पाहिजे ना तुला?”

साडीच्या दुकानात बसलेल्या बाईला रामा रंग सांगावा लागत नाही. मोरपंखीहून उजळ, पिस्त्याहून गडद, समुद्राच्या उथळ पाण्यासारखा. माई आत गेल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा हातात एक जुने पोलके होते, 1982 साली ओझरच्या कॉलनीत शिवलेले. “हे कापड घेतलं तेव्हा हे म्हणाले होते, आमच्या विमानाच्या आतला रंग घेऊन आलीस.” पोलके वरून विटून फटफटीत झाले होते. माईंनी कात्रीच्या टोकाने बगलेची शिवण चार बोटे उसवली आणि आत दाबलेले कापड उलटून दाखवले. आत रंग ताजा होता, काल रंगवल्यासारखा.

“हाच,” झोपाळ्यावरून आवाज आला.

आम्ही सगळे तिकडे पाहू लागलो. अण्णा जागचे हलले नव्हते. “उन्हानं उडतो तो. तुझे फोटो उन्हात उभ्या केलेल्या विमानांचे आहेत. दुरुस्तीला विमान यायचं, तेव्हा डायल काढला की त्याच्या कडेखाली असा निघायचा.”

चिरंजीवांनी त्यात पांढऱ्याचे दोन थेंब घातले. लहान वस्तूवर तोच रंग गडद दिसतो, म्हणून मापाप्रमाणे थोडा उजळ करावा लागतो, असे त्यांच्या पंथात मानतात. अण्णांना ते पटलेले दिसले नाही. पण रंगाची डबी मुलाची होती. ते पुन्हा गप्प झाले.

पाडव्याच्या पहाटे मी त्यांच्याबरोबर नदीवर गेलो. पावसाळ्याने कयाधूचे पाणी अजून गढूळ होते, काठच्या झुडपांत पुराने आणलेल्या चिंध्या अडकल्या होत्या. मंदिरापाशी एक सरदारजींचे कुटुंब दर्शन करून उभे होते. म्हातारे सरदारजी अण्णांच्याच वयाचे. कुठून आलात, काय करता, अशी विचारपूस सुरू झाली. ओझरचे अण्णांचे हिंदी झकास आहे. गृहस्थ चंदीगडजवळचे शेतकरी निघाले. अण्णांनी, का कोण जाणे, आपण कुठे नोकरीला होतो ते सांगितले. सरदारजींनी त्यांचे दोन्ही हात धरले. म्हणाले, लहानपणापासून आमच्या शेतावरून ती विमाने जात. आवाजाने म्हशी दावे तोडत, आजी शिव्या देई. आणि सप्टेंबरात शेवटच्या दिवशी सगळे घर गच्चीवर चढले होते, आजीच्या शिव्यांची आठवण काढत.

परत येताना अण्णा रस्त्यात थांबले. “खालून पाहणारा माणूस मला आज पहिल्यांदा भेटला,” ते म्हणाले. “आम्ही कायम जमिनीवर, तेही आतल्या बाजूला.” चाळीस वर्षांच्या आसपास विमानात काढलेल्या या माणसाने विमानाचा प्रवास एकदाही केलेला नाही, हे मला माहीत होते; पण ते त्या वेळी प्रथम जाणवले.

घरी आलो तो चिरंजीव अडून बसलेले. तबकड्यांची पाटी रंगून झाली होती, झकास दिसत होती. पण नकाशात पाटीच्या खालच्या भागात मधोमध एक उभी पांढरी रेघ दाखवली होती आणि त्यांना ती सजावट वाटत होती. “बाबा, ही रेघ गाळली तर चालेल? एकदम वाकडी येते.” त्यांनी दोनदा प्रयत्न केला होता आणि दोनदा पुसले होते. मी म्हणणार होतो, चालेल. काय कळते मला?

“नाही चालणार,” अण्णा म्हणाले. चप्पल काढून ते सरळ वर्तमानपत्रावर मांडी घालून बसले. “ती कशासाठी आहे, ठाऊक आहे?”

मग त्यांनी सांगितले ते असे. विमान कधी कधी हवेत आधार सोडते आणि भोवऱ्यासारखे गरगरत खाली येऊ लागते. स्पिन म्हणतात त्याला. आकाश कुठे, जमीन कुठे, काही कळत नाही. डोके बधिर होते. अशा वेळी हातातला दांडा नेमका मधोमध आणावा लागतो, आणि मध्य कुठे हे त्या माणसाला सांगता येत नाही. म्हणून समोर ही पांढरी रेघ. काही विचार करायचा नाही. दांडा पुढे न्यायचा आणि रेघेवर टेकवायचा.

“आमच्या खात्यात ही रेघ करणारे आम्ही चौघं होतो,” अण्णा म्हणाले.

चिरंजीवांचे तोंड उतरले होते. परवाचे बोलणे त्यांना आठवले असावे. “आजोबा, मी ते शवपेटी म्हणालो, ते...”

“म्हणतात लोक. पडली नाहीत असं मी कुठं म्हणतो?” अण्णा पाटीकडे बघत होते, मुलाकडे नव्हे. “बातमी आली की दुसऱ्या दिवशी कुणी डबा उघडत नसे. नंबर काय होता, एवढंच विचारायचे. आमच्यातलं होतं का, ते कळायला. इंजिन बंद पडलं असेल, पक्षी शिरला असेल, पोरगा नवीन असेल. रंगखात्याचा त्यात काही संबंध नसतो, हे मला साहेबांनीही सांगितलं होतं. तरी रात्री मनात यायचं, रेघ सरळ होती ना?”

माई दारात उभ्या होत्या. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनीही पहिल्यांदाच ऐकले, असे त्या मला नंतर म्हणाल्या.

अण्णांनी कुंचला घेतला. त्यांच्या उजव्या हाताला आता कंप आहे. चहाची बशीदेखील वाजते. टोक पाटीजवळ नेले आणि त्यांनी ते परत ठेवले. “तू कर,” ते मुलाला म्हणाले. “पण तू उलटं करतो आहेस. रंगावर पांढरी रेघ मारायला जातोस, म्हणून ती हलते. रेघ मारायची नसते, राखायची असते. आधी ती जागा पांढरी कर. वाळू दे. तिच्यावर चिकटपट्टीची दोऱ्याएवढी कातर लाव. मग वरून तुझा हा रामा. मग कातर ओढून काढ.”

दोऱ्याएवढी कातर कापायची कुणी? चिरंजीवांनी पाते घेतले. पट्टी एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक. तिसऱ्या खेपेला माई पुढे झाल्या. चष्मा पुसला, काचेवर पट्टी चिकटवली, पोलादी पट्टी धरली आणि एका दमात दोन कापे मारले. मधली कातर सुईच्या टोकाने उचलून दिली. मी प्राध्यापक असल्यामुळे टॉर्च धरला होता.

रंग वाळेपर्यंत कुणी हलले नाही. मग चिरंजीवांनी चिमट्याने पट्टी ओढली. रामा रंगाच्या मधोमध एक पांढरी रेघ, केसाहून थोडी जाड. अण्णांनी भिंग लावून ती वरपासून खालपर्यंत पाहिली. पुन्हा खालून वर पाहिली. “थोडी डावीकडे आहे,” ते म्हणाले. “काढ. पुन्हा कर.”

पुन्हा केली. लक्ष्मीपूजनासाठी आणलेल्या पणत्यांपैकी उरलेल्या अंगणात लागल्या, शेजारच्या पोरांनी फटाक्यांची माळ लावली, आणि इथे तिसरी रेघ वाळत होती. ती पास झाली.

त्यानंतर मात्र अण्णांना कुणी थांबवू शकले नाही. कोपऱ्यांत पातळ काळपट रंग सोडायचा म्हणजे खोली दिसते. कुंचला कापडाला पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि उंचवट्यांवरून नुसता फिरवायचा, म्हणजे जिथे वैमानिकाचा हात, बूट लागून रंग झिजतो तिथे तो झिजलेला दिसतो. ही युक्ती मुलाची. पण नेमके कुठे झिजते ते अण्णांना ठाऊक. “इथं नाही, इथं. चढताना टाच इथं लागते.” आसनाचे पट्टे खोक्यात प्लॅस्टिकचेच कोरलेले होते. माईंना ते पसंत पडले नाहीत. त्यांनी चॉकलेटचा चंदेरी कागद मिलिमीटरभर रुंद कातरला, खाकी रंगवून घेतला आणि आसनावर असा टाकला की आत्ताच कुणी उठून गेले आहे. शिंप्याच्या घरचे पट्टे!

भाऊबीजेच्या दुपारी विमानाचे दोन अर्धे मिटले. बैठकीवरचे काचेचे झाकण, बिसमध्ये ते उजव्या बाजूला उघडते, ते उघडेच चिकटवायचे ठरले. त्यातून टॉर्चने पाहिले तर आसन दिसे, पट्टे दिसत, आणि मान तिरकी केली तर पाटीचा खालचा भाग. तेवढ्यासाठी घरातल्या प्रत्येकाने मान तिरकी केली. मीही केली.

बाहेरचा रंग पुण्याला जाऊन द्यायचा होता. खोक्यात शेपटीवर लावायच्या नंबरांचा कागद होता. वेगवेगळ्या तुकड्यांचे चार-पाच नंबर, हवा तो निवडा. चिरंजीवांनी तो कागद अण्णांपुढे धरला. “आजोबा, यातला तुमचा कुठला?”

अण्णांनी कागद लांब धरून एकेक नंबर वाचला. बराच वेळ वाचला. मग घडी घालून मुलाच्या खिशात ठेवला.

“नंबर नको घालू,” ते म्हणाले.

संध्याकाळच्या एस. टी. पर्यंत ते आम्हाला पोचवायला आले. खोके त्यांनी स्वतः धरले होते, दोन्ही हातांनी, म्हणून कंप दिसत नव्हता. गाडी सुटताना खिडकीतून आत देत म्हणाले, “कपाटात ठेव. खिडकीजवळ नको. पुण्याला ऊन फार असतं का, जावईबापू?”